वाचकांचे प्रश्न : डेल्फ्टच्या चाकावरची माणसे

प्रश्न : मी खानापूरची. आमच्या घरी तीन पिढ्या चाक फिरते आहे आणि मी स्वतः मृत्तिकाशिल्पाचे रीतसर शिक्षण घेतले आहे. सतराव्या शतकात हॉलंडमधील डेल्फ्ट या गावी निळ्या-पांढऱ्या भांड्यांचे मोठे कारखाने होते. त्यांच्याविषयी जे वाचायला मिळते त्यात मालकांची नावे भरपूर असतात. पण चाकावर बसणारे आणि भट्टी लावणारे कोण होते, हे कुठेच सांगितलेले नसते. इंटरनेटवर मला तिकडच्या एका जुन्या लग्ननोंदीचे छायाचित्र मिळाले. त्यातला ‘प्लातेलबाकर’ हा एकच शब्द मला लागला. मला डच येत नाही आणि ते हस्ताक्षरही वाचता येत नाही. खानापुरात राहून हा शोध घेता येईल का? (एक वाचिका, खानापूर)

उत्तर : घेता येईल. आपण जो शब्द वाचला आहे त्याच्यापासूनच आरंभ करावा, कारण या शोधात पहिली फसगत त्या शब्दापाशीच होते. तांबड्या खापराची साधी भांडी करणाऱ्याला डच कागदांत ‘पॉटनबाकर’ म्हणतात. तो आपल्याकडच्या कुंभाराच्या जवळचा. ‘प्लातेलबाकर’ हा कथिलाची पांढरी झिलई चढवून तीवर कोबाल्टच्या निळ्या रंगाने नक्षी काढलेला माल तयार करणारा. हेच काम करणाऱ्या माणसाला सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील कागदांत ‘खेलेइबाकर’ असेही म्हटलेले असते. तेव्हा केवळ ‘कुंभार’ या अर्थाचा शब्द शोधत बसल्यास नेमकी हवी ती माणसे निसटतात. उलट ‘प्लातेलबाकर’ म्हणजे मालक, असेही समजू नये. कारखान्याच्या धन्याला डेल्फ्टमध्ये ‘विंकलहाउडर’, म्हणजे शब्दशः दुकानवाला, म्हणत. त्याच्या हाताखालचा मुकादम हा ‘मेस्टरक्नेख्त’, चाकावरचा तो ‘द्रायर’, नक्षी काढणारा तो ‘स्खिल्डर’ आणि साधा गडी तो ‘क्नेख्त’. लग्नाच्या नोंदीत मात्र यांच्यापैकी कोणीही स्वतःला सरसकट ‘प्लातेलबाकर’ म्हणवून घेत असे आणि कारकून सांगितले ते लिहून घेत असे. आपल्या छायाचित्रातला माणूस यांच्यापैकी कोण, हे त्या एका नोंदीवरून ठरणार नाही.

मालकांचीच नावे का मिळतात, याचे कारण कागदांच्या रचनेत आहे. डेल्फ्टमधील प्लातेलबाकर हे चित्रकार, काचकाम करणारे आणि पुस्तकविक्रेते यांच्याबरोबर संत ल्यूक यांच्या नावाच्या एकाच व्यवसायसंघात मोडत. या संघाची उस्तादांची नोंदवही शिल्लक आहे. योहानस व्हर्मेर या चित्रकाराचे नाव २९ डिसेंबर १६५३ रोजी ज्या वहीत चढले, तीच ही वही. पण ती उस्तादांची वही आहे. परीक्षा देऊन, शुल्क भरून जो संघात आला त्याचे नाव तिच्यात येते आणि जन्मभर दुसऱ्याच्या चाकावर बसलेल्याचे येत नाही. कारखान्यांची नावेही या बाबतीत आपल्याला मदत करीत नाहीत. डेल्फ्टमधील बिअरचा धंदा बसल्यावर रिकाम्या पडलेल्या भट्टीघरांत हे कारखाने आले आणि मोर, गुलाब, तीन घंटा, धातूचे भांडे अशी पाट्यांवरची नावे कारखान्यांना चिकटली. त्यामुळे ‘मोरामध्ये काम करणारा’ असा उल्लेख आला तर गोंधळून जाऊ नये. तो कारखान्याचा पत्ता आहे.

गडीमाणूस कागदावर येतो तो त्याच्या आयुष्यातील मोजक्या प्रसंगी : बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू, कर्ज आणि भांडण. १८११ मध्ये फ्रेंच अमलात सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सर्वत्र सुरू होईपर्यंत या देशात पहिल्या तिन्ही प्रसंगांची नोंद मुख्यतः चर्चच्या वह्यांमध्ये होत असे. डेल्फ्टच्या नगर अभिलेखागाराने या वह्यांची छायाचित्रे इंटरनेटवर ठेवली आहेत आणि ‘ओपन आर्खीव्हन’ या विनामूल्य शोधस्थळावर नावावरून शोध घेता येतो. माझा अनुभव असा की बाप्तिस्म्याच्या नोंदीत वेळ घालवू नये. तीत आई, बाप आणि साक्षीदार यांची नावे मिळतात, पण बापाचा धंदा सहसा नसतो. लग्नाआधीच्या वाङ्‌निश्चयाची नोंद, जिला ‘ऑन्डरट्राउ’ म्हणतात, ती खरी कामाची. आपल्या छायाचित्रातली नोंद बहुधा त्याच प्रकारची असावी. नावापुढे ‘य. म.’ या अर्थाची दोन अक्षरे असतील तर तो ‘योंगमान’, म्हणजे पूर्वी लग्न न झालेला पुरुष. त्यानंतर तो मूळ कोणत्या गावचा ते येते, मग धंदा, आणि शेवटी राहण्याची जागा. ‘हारलेमचा, राहणार गास्टहाउसलान’ एवढे मिळाले तरी पुरे, कारण पुढचा सगळा शोध राहत्या गल्लीवरून करायचा आहे.

मृत्यूच्या नोंदीतून ऐपतीचा अंदाज येतो. हॉलंड प्रांतात १६९५ साली लग्न आणि दफन यांवर कर बसला. ऐपतीप्रमाणे ३०, १५, ६ किंवा ३ गिल्डर असे त्याचे वर्ग होते आणि ज्याची ऐपत नाही त्याच्या नावापुढे ‘प्रो देओ’, म्हणजे ‘देवाच्या नावाने’, असे लिहीत. ३० गिल्डरांच्या वर्गात सापडलेला प्लातेलबाकर हा गडी नव्हता, एवढे निश्चित म्हणता येते. ‘प्रो देओ’ वरून मात्र दारिद्र्याचे चित्र रंगवू नये. कर चुकवण्याची इच्छा सर्व देशांत आणि सर्व काळांत सारखीच असते. त्याला जोड म्हणून डेल्फ्टच्या धर्मादाय मंडळाची एक वही पाहावी. मृताचे सर्वांत चांगले वरचे वस्त्र, अथवा त्याऐवजी काही रक्कम, गरिबांसाठी मंडळाला द्यावी असा तिथे रिवाज होता आणि घरोघर मिळालेल्या वस्तूंची नोंद या वहीत होत असे. अनेक नावांपुढे ‘नेण्यासारखे काही नाही’ एवढेच लिहिलेले आहे. व्हर्मेरच्या नावापुढेही तेच आहे, हे लक्षात ठेवले म्हणजे अशा शेऱ्यावरून घाईने अनुमान काढण्याचा मोह आवरतो.

पण आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर आहे ते नोटरींच्या दप्तरात. तिथल्या समाजात बारीकसारीक गोष्टींसाठी नोटरीकडे जाण्याची पद्धत होती : उमेदवारीचा करार, उसनवारी, मृत्युपत्र, घरातल्या चीजवस्तूंची यादी आणि विशेषतः साक्षी-जबान्या. गल्लीत मारामारी झाली, कोणी कोणाला शिवी दिली, कारखान्यात काही मोडले, तर पाहणाऱ्यांना नोटरीपुढे नेऊन त्यांचे म्हणणे लिहून घेत. अशा जबानीत साक्षीदाराचे नाव, अंदाजे वय, धंदा आणि पुष्कळदा तो कोणाकडे कामाला आहे हेही येते. ज्या माणसाचे नाव व्यवसायसंघाच्या वहीत नाही, ज्याने भांड्यावर कधी सही केली नाही, तो दुसऱ्याच्या भांडणाचा साक्षीदार म्हणून चार ओळींपुरता आपल्यासमोर येतो. म्हणून माझे मत असे की कामगारांचा शोध घेणाऱ्याने दस्त कोणी करून दिला हे नंतर पाहावे आणि आधी तळाशी असलेली साक्षीदारांची नावे वाचावीत.

त्या तळाशी आपल्याला एक ओळखीची गोष्ट भेटेल. ज्याला लिहिता येत नसे तो फुली किंवा आपली ठरलेली खूण काढी आणि नोटरी तिच्याभोवती ‘ही खूण अमक्याने केली’ असे लिही. आपल्याकडच्या मोडी महजरांवर पाटलाचा नांगर आणि बलुतेदारांनी काढलेल्या आपापल्या हत्यारांच्या आकृत्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही रीत समजावून सांगावी लागणार नाही. या खुणांची चित्रे आपल्या वहीत जशीच्या तशी उतरवून घ्यावीत. दोन कागदांतली नावे सारखी असताना माणूस एकच आहे की दोन, हे काही वेळा खुणेवरूनच ठरते.

ही सूचना मी स्वतः ठेच खाऊन करतो आहे. वेंगुर्ल्याच्या डच वखारीचे कागद वाचता यावेत म्हणून मी उतारवयात डच शिकलो. त्या नादात एका यान यान्सचा माग मी जवळजवळ वर्षभर काढत होतो. लग्न, चार मुले, दफन, सगळे नीट जुळले. मग दफनानंतर तीन वर्षांनी तोच यान यान्स एका जबानीत साक्षीदार म्हणून उभा असलेला सापडला. यान्स म्हणजे ‘यानचा मुलगा’. सर्वसामान्य लोकांत पुष्कळांना आडनाव नव्हते, बापाचे नाव हीच ओळख, आणि एका गावात एका वेळी यानचे मुलगे यान किती असतील याचा विचार मी केला नव्हता. ज्यांना आडनाव नव्हते त्यांनी ते घेऊन नोंदवावे, हा नेपोलियनचा हुकूम १८११ चा. त्याआधीच्या काळात नाव, बापाचे नाव, बायकोचे नाव आणि गल्ली यांपैकी निदान तीन गोष्टी जुळल्याखेरीज माणूस एकच आहे असे धरू नये.

आता हस्ताक्षराविषयी. आपल्या घरात मोडी वाचणारे कोणी असेल तर त्यांना शेजारी बसवावे. सीमाभागात वतनाचे आणि जमिनीचे मोडी कागद अजून अनेक घरांतल्या ट्रंकांमध्ये आहेत आणि ते वाचणाऱ्याच्या डोळ्याला जी सवय असते ती इथे उपयोगी पडते : हात न उचलता ओढलेली अक्षरे, मध्येच तोडलेले शब्द आणि ठरावीक मायना. मोडी दस्तात ‘कारणे लिहून दिल्हे ऐसे जे’ आले की पुढे काय येणार हे जसे कळते, तसे डच दस्तात ‘ऑप हाउडेन’, म्हणजे ‘आज रोजी’, आणि त्यापुढे ‘समक्ष हजर झाला’ या अर्थाचा शब्द आला की त्यानंतर नोटरीचे आणि मग माणसाचे नाव असणार. आधी हे मायने पाठ करावेत आणि त्यांतल्या ओळखीच्या शब्दांवरून त्या कारकुनाची अक्षरे एका कागदावर उतरवून घ्यावीत. लांब ‘स’ हा ‘फ’सारखा दिसतो. ‘ए’ पुष्कळदा उलटा लिहिलेला असतो. शुद्धलेखनाचे पहिले अधिकृत नियम १८०४ मध्ये आले, म्हणून त्याआधी एकाच माणसाचे नाव एकाच दस्तात तीन तऱ्हांनी लिहिलेले आढळले तरी चकित होऊ नये. आरंभ १७५० च्या आसपासच्या कागदांपासून करून मागे मागे जावे. एकदम १६२० ची वही उघडणारे लोक आठवड्याभरात शोध सोडून देतात, असे मी पाहिले आहे.

तारखांत एक खाचखळगा आहे. महिन्याच्या जागी ७ चा आकडा आणि पुढे शब्दाची शेपटी असेल तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर. ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ म्हणजे नोव्हेंबर आणि रोमन दहा म्हणजे डिसेंबर, कारण लॅटिन नावांत ते आकडे दडलेले आहेत. रकमा वाचताना एका गिल्डरचे २० स्टाउव्हर आणि एका स्टाउव्हरचे १६ पेनिंग हे कोष्टक समोर ठेवावे. आणे-पैची बेरीज ज्यांना येत होती त्या पिढीला हे अवघड गेले नसते.

‘ट्रान्सक्रिबस’सारखी हस्ताक्षर वाचणारी संगणकप्रणाली आता उपलब्ध आहे आणि तिने काम पुष्कळ हलके केले आहे. मात्र तिला शब्द लागला नाही तर ती जागा कोरी न सोडता एखादा शोभेलसा शब्द बसवते. आडनावे आणि धंद्यांचे शब्द यांत ही चूक अधिक होते. यंत्राने वाचलेला उतारा शोधासाठी वापरावा, पुराव्यासाठी नव्हे. ओळ सापडली की मूळ छायाचित्र स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे. छायाचित्रातला पानाचा आणि दप्तराचा क्रमांक त्याच वेळी लिहून ठेवावा. नंतर लिहू म्हटले की तो राहतो.

प्रश्न : आमच्या घरी आजोबांच्या काळची निळ्या नक्षीची एक थाळी आहे. तिच्या पाठीवर बसलेल्या सिंहासारखी आकृती आणि मास्त्रिख्त असे नाव छापलेले आहे. ही डेल्फ्टची समजावी का? ती घडवणाऱ्या कामगारांची काही माहिती मिळेल का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : आपली थाळी डेल्फ्टची नाही, पण तिची हकिकत कमी मोलाची नाही. ती आकृती सिंहाची नसून स्फिंक्सची असावी. मास्त्रिख्त हे नेदरलँड्सच्या अगदी दक्षिण टोकाचे शहर. तिथे पेत्रुस रेगू याने १८३६ मध्ये चिनीमातीच्या भांड्यांचा कारखाना काढला आणि स्फिंक्स हे त्या मालाचे चिन्ह झाले. हा माल जहाजांनी पूर्वेकडे मोठ्या प्रमाणावर जात असे. यावरची नक्षी ठशाने उमटवलेली असते. डेल्फ्टची नक्षी हाताने काढलेली. काठाचा टवका उडालेला असेल तर पाहावे : डेल्फ्टच्या भांड्यात जाड पांढऱ्या झिलईखाली पिवळसर, सच्छिद्र माती दिसते.

डेल्फ्टच्या खुणांविषयी अनेकांचा एक गैरसमज असतो, तो इथेच दूर करतो. तळावरची अक्षरे चित्रकाराची असतात असे मानले जाते. पण प्रसिद्ध खुणा बहुतेक कारखान्याच्या धन्याच्या आहेत. ‘ग्रीक ए’ या नावाच्या कारखान्यातील ‘ए के’ ही जोडाक्षरे म्हणजे आद्रियानुस कॉक्स हा मालक. त्याच्यामागून आलेल्या पीटर कॉक्सच्या ‘पी ए के’ या खुणेने तर तो १७०३ मध्ये वारल्यावरही त्याच्या विधवेच्या हाताखाली माल निघत राहिला. त्यातली एकही थाळी पीटरच्या हातची असणे शक्य नाही.

मास्त्रिख्तच्या कामगारांचा माग डेल्फ्टपेक्षा सोपा आहे. १८५० पासून नेदरलँड्समध्ये लोकसंख्येच्या नोंदवह्या ठेवल्या जाऊ लागल्या. त्यांत एका घरातली सर्व माणसे, त्यांचे जन्म, धंदे आणि स्थलांतर एकाच पानावर येते. त्याआधीच्या सरकारी नोंदी या शहरात १८११ ऐवजी १७९६ पासूनच मिळतात, कारण हा मुलूख फ्रान्सने आधी घेतला होता. मात्र त्या फ्रेंचमध्ये आहेत आणि १८०५ अखेरपर्यंतच्या तारखा फ्रेंच राज्यक्रांतीच्या पंचांगाप्रमाणे आहेत. शिवाय एक छापील साधन आहे, ज्याला हस्ताक्षराची अडचण नाही. १८७४ च्या कायद्याने बारा वर्षांखालील मुलांना कारखान्यात लावण्यास मनाई झाल्यावर तो पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी डच संसदेने १८८६-८७ मध्ये चौकशी केली. चौकशी समितीने ज्या मोजक्या शहरांतल्या साक्षी घेतल्या त्यांत मास्त्रिख्त होते. मालक, डॉक्टर आणि कामगार यांना विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे जशीच्या तशी छापलेली आहेत. रात्रपाळी, भट्टीची धग, मजुरी, दंड या सगळ्याविषयी कामगार स्वतः बोलतो असा कागद डेल्फ्टच्या सुवर्णकाळातला आपल्याला मिळत नाही.

थाळी घासू नये आणि ती विकत मागणाऱ्यास एवढ्यात देऊ नये.

प्रश्न : आंबोली घाट उतरला की वेंगुर्ले. तिथे डचांची वखार होती. डेल्फ्टचे भांडी करणारे कारागीर कंपनीच्या जहाजांवरून आपल्या किनाऱ्यावर आले असतील का, आणि ते कागदांवरून कळेल का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखांपैकी एक डेल्फ्टमध्येच होती, तेव्हा काम सुटलेल्या गड्याने जहाजाची वाट धरणे अगदी स्वाभाविक होते. पण वेंगुर्ल्याची वखार १६३७ ची आणि तिचा भर सतराव्या शतकातला, तर खलाशी-सैनिकांची जहाजवार पगारपुस्तके सलगपणे शिल्लक आहेत ती मुख्यतः अठराव्या शतकातली. म्हणून वेंगुर्ल्यापुरते हे साधन तोकडे पडते. वखारीची पत्रे आणि अहवाल हेग येथील राष्ट्रीय अभिलेखागारात कंपनीच्या दप्तरात पाहावे लागतात. मलबारकडील डच कागद चेन्नईच्या अभिलेखागारात आहेत, पण त्यांचा केंद्रबिंदू कोचीन आहे.

अठराव्या शतकासाठी मात्र पगारपुस्तकांची सूची हेगच्या अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर शोधता येते. तीत माणसाचे नाव, मूळ गाव, जहाजावरचा हुद्दा आणि शेवट काय झाला हे असते. जहाजावर चढण्यापूर्वीचा धंदा नसतो, त्यामुळे गाव डेल्फ्ट दिसले म्हणून तो प्लातेलबाकर ठरत नाही. पडताळ्याचा एक मार्ग आहे. खलाशाला वर्षाकाठी तीन महिन्यांपर्यंतचा पगार घरी बायकोला किंवा आईबापांना मिळावा अशी चिठ्ठी करून देता येत असे आणि ती करून दिली होती की नाही, हे सूचीत नमूद असते. चिठ्ठीची खूण दिसली तर मूळ पगारपुस्तकाचे पान उघडावे, पैसे घेणाऱ्या स्त्रीचे नाव उतरवून घ्यावे आणि तेच नाव डेल्फ्टच्या वाङ्‌निश्चयाच्या वहीत नवरीच्या जागी शोधावे. नवऱ्याचा धंदा तिथे लिहिलेला असेल.